तह कुणाच्या पाठीवर?

दोन वेगळ्या जमातींच्या अस्वस्थ शेजाराची, मोठ्या पल्ल्याची अद्भुत कादंबरी मराठीत का होत नाही, या प्रश्नाला अलीकडे एक ठरीव उत्तर मिळतं. आपल्या गोष्टींत वर देव असतात आणि खाली राक्षस. देवाला शरण जायचं आणि राक्षसाचा वध व्हायचा. माणसाच्या शेजारी, रानाच्या पलीकडच्या काठाला राहणारी, जिच्याशी कायमची लढाई परवडत नाही आणि मनापासून सोयरीकही जमत नाही, अशी जमात आपल्याकडे नाहीच. तेव्हा माणसं आणि एल्फ यांच्यातल्या कुरबुरत्या शांततेसारखी गोष्ट लिहायची तर एल्फच आणावे लागतील, त्यांची रुपेरी अरण्यं, टोकदार कान आणि न संपणारी आयुष्यं यांच्यासकट. असं म्हणणारे बहुतेकजण इंग्रजी फँटसी जीव लावून वाचलेले असतात आणि त्या प्रेमाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण दावा चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असूनही मान्य झाल्यामुळे मराठी लेखनाचं नुकसान होतं आहे. जे आपल्याकडे नाही असं सांगितलं जातं, ते दर वर्षी चैत्र पौर्णिमेला, वाहतूक अडवून, हिंजवडीच्या रस्त्यावरून जातं.

हिंजवडी आणि वाकड या दोन गावांचं ग्रामदैवत म्हातोबा. हनुमान जयंतीला त्याचा उत्सव होतो आणि त्या दिवशी बगाड, म्हणजे माणसाला वर टांगून मिरवायचा लाकडी सांगाडा, निघतं. बगाडाला लागणारं लाकूड जवळच्या वखारीतून घेतलेलं चालत नाही. ते मुळशी तालुक्यात आत असलेल्या बारप्याच्या रानातून आणायचं असतं. बगाडावर चढणारा गळकरी जांभूळकर घराण्यातला असतो. त्याच्या पाठीत गळ टोचतात, त्याला बगाडाला लावतात आणि चांगभल्याच्या गजरात मिरवणूक हिंजवडीहून वाकडला जाते. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे टप्पे आणि माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोचे खांब जिथे उभे राहिले, त्याच शिवारात हे चालतं. याकडे जत्रा म्हणून पाहायची सवय असल्यामुळे त्यातली रचना नजरेत भरत नाही. एक रान आहे, आणि तिथून काय आणायचं ते ठरलेलं आहे. दोन गावं आहेत. एक घराणं आहे, ज्यानं दोन्ही गावांच्या वतीनं काहीतरी द्यायचं आहे. दिवस ठरलेला आहे, वाट ठरलेली आहे, आणि हे सगळं एकदाच होऊन संपत नाही, दर वर्षी नव्यानं करावं लागतं. शेजारच्या परक्या सत्तेशी केलेला तह याहून वेगळा कसा दिसेल? कोणत्याही गाजलेल्या फँटसीत राजे ज्या करारांवर शिक्के मारतात, त्यांतले बरेचसे याच्यापुढे ढोबळ वाटावेत इतका हा तपशील नेमका आहे.

एल्फांचा आग्रह धरणाऱ्यांनी एल्फ कुठून आले तेही नीट पाहायला हवं. जे. आर. आर. टॉल्किन हा ऑक्सफर्डचा जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. इंग्लंडला स्वतःच्या भाषेत आणि मातीत रुजलेल्या पुराणकथा उरल्या नाहीत ही त्याची खंत होती, आणि त्या कथा आपण उभ्या कराव्यात ही त्याची महत्त्वाकांक्षा त्यानं १९५१च्या सुमारास एका प्रकाशकाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात मांडली आहे. १९५४-५५ मध्ये आलेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मागे जुनी इंग्रजी काव्यं, नॉर्स गाथा आणि फिनलंडचं महाकाव्य यांचा आयुष्यभराचा अभ्यास होता. आपल्या भूमीत जे अर्धवट उरलं होतं ते त्यानं गोळा केलं आणि त्यातून जग रचलं. त्याचं अनुकरण करायचं तर त्याची ही रीत उचलायला हवी. त्यानं शोधून काढलेली जमात तयार उचलणं म्हणजे त्याच्या कष्टाचं फळ घेणं आणि कष्ट टाळणं. खुद्द एल्फांच्या मुलखातही हे प्रकरण आपल्याला वाटतं तितकं रुपेरी नाही. आइसलंडमध्ये रेक्याविकजवळ आल्फ्तानेसकडे जाणारा रस्ता गाल्गाहराउनच्या लाव्हाच्या पठारातून काढायचं ठरलं तेव्हा २०१३ साली त्याविरुद्ध आंदोलन झालं. निसर्गरक्षण हा मुख्य मुद्दा होताच, पण त्या पठारावरचा एक प्रचंड खडक अदृश्य लोकांचं देऊळ आहे असंही काहींचं म्हणणं होतं. शेवटी २०१५ मध्ये रस्तेवाल्यांनी तो खडक न फोडता उचलून बाजूला नेऊन ठेवला. रस्ता कुणाच्या जागेतून जातो, त्या बदल्यात काय द्यायचं आणि कोण देणार, एवढ्याच गोष्टींवर तिथल्या एल्फकथा आजही जिवंत आहेत. हे प्रश्न हिंजवडीला कुणी नव्यानं शिकवण्याची गरज नाही.

यावर पहिला आणि वजनदार आक्षेप येतो: म्हातोबा हा देव आहे, शेजारी जमात नव्हे, देवाशी तह होत नसतो, त्याची भक्ती होते. शहरी, पोथीतल्या धर्माला हे लागू असेल. पुण्याभोवतीच्या डोंगरांतल्या देवांना ते लागू पडत नाही, आणि हे सांगणाऱ्यांत आपल्याकडचे सर्वांत मोठे अभ्यासक आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या परिसरात पायी हिंडले, शेंदरी तांदळे आणि रानातली ठाणी त्यांनी नोंदवली, त्यांच्या आसपास सापडणारी अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं गोळा केली आणि १९६२च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त एक विलक्षण मांडणी केली. गुरं-मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांचे पुरुषदेव आणि त्यांच्याआधी इथे कंदमुळांवर जगणाऱ्यांच्या मातृदेवता, यांची गाठ पडली तेव्हा दोन गोष्टी घडल्या. काही ठिकाणी देवीनं म्हसोबाला रेड्याच्या रूपात मारलं. काही ठिकाणी तोच म्हसोबा जोगूबाईचा नवरा झाला. मारणं आणि लग्न लावणं ही दोन मानवी समूहांच्या भांडणाची आणि समेटाची स्मृती आहे, असं कोसंबी म्हणतात. पुरंदर तालुक्यातल्या वीरला माघ पौर्णिमेला म्हस्कोबाचं आणि जोगूबाईचं लग्न आजही लागतं. हा देव सोनारीहून धनगरांबरोबर आला अशी कथा आहे, म्हणजे नवरा परगावचा आणि मुक्काम कायमचा. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांचे बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यामागे आयुष्य वेचलं आणि वन आणि क्षेत्र, रान आणि नांगरट, यांच्यातली ओढाताण हेच या दैवतांचं मर्म आहे असं दाखवलं.

आणि जेजुरी तर उघडंच पुस्तक आहे. खंडोबाची म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव तिच्या बापाच्या वाड्यावर चाकरीला राहतो, मेंढरं राखतो आणि तिला जेजुरीला आणतो. म्हाळसा चिडते. मग वाटणी होते: गडाचा वरचा भाग म्हाळसेचा, उतारावरचा बाणाईचा, आणि तिचं देऊळ आजही तिथे अर्ध्या वाटेवर आहे. दोन जमातींच्या मधली सरहद्द एका डोंगरावर पायऱ्यांनी आखलेली इतकी स्पष्ट कुठे मिळेल? त्याच कथेत मणी आणि मल्ल हे दोन दैत्य हरतात, पण दोघांशी झालेला व्यवहार सारखा नाही. मणी शरण येतो, आपला पांढरा घोडा देतो आणि देवाजवळ कायमची जागा मिळवतो. मल्ल शेवटपर्यंत वैर सोडत नाही, आणि त्याचं मस्तक देवळाच्या पायरीशी येतं. एकाच युद्धानंतर हरलेल्यांना दिलेल्या या दोन वेगळ्या अटी आहेत, आणि त्यांतून एखाद्या कसबी कादंबरीकाराला पुरं कथानक मिळावं. 'देव वर, राक्षस खाली, मध्ये कुणी नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे देवस्थान पाहिलेलं असतं, पण वाचलेलं नसतं. महात्मा फुल्यांनी ते १८७३ मध्येच वाचलं होतं. 'गुलामगिरी'त त्यांनी वामन-बळीची कथा दोन समाजांमधल्या आक्रमणाची आणि पराभवाची हकिगत म्हणून मांडली, खंडोबा आणि म्हसोबा यांना बळीच्या राज्यातले अंमलदार ठरवलं. इतिहास म्हणून त्या मांडणीशी वाद घालता येईल. पण पुराणातला राक्षस हा पराभूत शेजारी असू शकतो, ही दृष्टी मराठीत दीडशे वर्षांपूर्वी आली, हे विसरून चालणार नाही.

माणसाच्या रूपात न आलेल्या शेजाऱ्यांशीही आपले करार आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, तेव्हा झाडांइतकेच नियम त्यांच्यासमोर आले. कित्येक रायांत वाळकं लाकूडसुद्धा उचलायचं नाही. देवळाला किंवा गावाच्या मोठ्या गरजेला लाकूड हवं असेल तर कौल लावायचा, आणि कौल मिळाला नाही तर परत फिरायचं. समोरच्याला नकार देण्याचा अधिकार आहे, हे यात गृहीत आहे. ज्याला नकार देता येतो तो तहातला दुसरा पक्ष असतो. पालघरकडच्या वारली पाड्यांत वाघोबाची ठाणी आहेत, लाकडात किंवा दगडात कोरलेला वाघ, बाजूला चंद्र-सूर्य. वाघानं रानात राहायचं, माणसानं वाघबारशीला त्याचा मान द्यायचा, आणि कधी एखादं जनावर गेलं तर तेवढ्यावर करार मोडला असं मानायचं नाही. बिबटे आजही तिथे आहेत आणि माणसंही. पाण्यातल्या साती आसरा या देवतांची विहिरीवरची, नदीकाठची ठाणी याच जातीची: पाणी भरायचं, पण त्यांची ओटी चुकवायची नाही. एल्फांचं अरण्य जितकं परकं आणि मानी, तितकीच ही जागा परकी आणि मानी आहे.

इथपर्यंत मी फक्त असं म्हणालो की आपल्याकडेही आहे. तेवढंच म्हणणं असतं तर हा लेख लिहिण्याचं कारण नव्हतं; अभिमानाच्या याद्या मराठीत खूप झाल्या आहेत. माझा खरा मुद्दा यापुढचा आहे. आयात केलेल्या एल्फकथेत शांतता बहुधा राजांमध्ये होते. दोन सिंहासनं, एक करार, एक मोडलेलं वचन, आणि शेवटी एक लग्न किंवा एक युद्ध. त्या शांततेचा रोजचा खर्च कोण भरतं हे क्वचित दिसतं. इथल्या तहांत मात्र खर्चाचं नाव-गाव असतं. दोन गावांच्या वतीनं गळ एकाच्या पाठीत जातो, आणि तो कुणीही नसतो, ठरलेल्या घराण्यातला असतो. वाईजवळच्या बावधनला भैरवनाथाच्या बगाडावरचा माणूस नवस बोललेल्यांतून कौलानं निवडतात. हिंजवडीला तो कुळानं ठरतो. हा फरक लेखकासाठी लाख मोलाचा आहे, कारण स्वतःहून पुढे आलेला माणूस आणि जन्मामुळे पुढे केलेला माणूस यांच्या गोष्टी वेगळ्या होतात. त्या घराला हा मान वाटतो, आणि तो खराच मान आहे. बाहेरच्यानं त्याची कीव करण्यात अर्थ नाही. पण मान आणि भार एकाच खांद्यावर असतात तेव्हा काय होतं, हेच तर कादंबरीनं विचारायचं असतं. जेजुरीच्या तहाचा खर्च याहून भयंकर होता. तो पोरींनी भरला. नवसापोटी खंडोबाला वाहिलेली मुरळी आयुष्यभर देवाची बायको म्हणून गावात राहिली, आणि गावानं तिच्याशी काय व्यवहार केला हे लपलेलं नाही. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' या पत्रातून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुरळीच्या प्रथेविरुद्ध मोहीम चालवली, मुरळ्यांच्या विवाहांसाठी खटपट केली. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवाला मुली वाहण्याविरुद्ध कायदा झाला. देव आणि गाव यांच्यात करार झाला, पण ज्यांना वाहिलं त्यांना कुणी विचारलं नाही: ही मराठी फँटसीची सर्वांत मोठी, अजून न लिहिलेली गोष्ट आहे. एल्फ आणले की नेमकी हीच गोष्ट पानावरून पुसली जाते, कारण एल्फांच्या जगात आपल्या गावाचे हिशेब बाकी नसतात.

इथे दुसऱ्या बाजूनं, आणि अत्यंत प्रामाणिक हेतूनं, हरकत घेतली जाते. ज्या पुण्यात २० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, ज्या राज्यानं त्याच वर्षी अमानुष आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला, तिथे गळ, कौल आणि आसरा यांना कथेत मानाचं पान देणं म्हणजे अंधश्रद्धेला साहित्याची वस्त्रं देणं नाही का? मला ही भीती समजते, पण तिची दिशा चुकते आहे असं वाटतं. शोषण टिकतं ते प्रश्न न विचारल्यामुळे, आणि अद्भुत कथा हा प्रश्न विचारण्याचा फार जुना मार्ग आहे. कथेत देव बोलू शकतो, म्हणून त्याला जाबही विचारता येतो. एखादी मुरळी तहाच्या अटी वाचून दाखवते आणि विचारते की यावर माझी सही कुठे आहे, असा प्रसंग वास्तववादी कादंबरीत कृत्रिम वाटेल. फँटसीत तो सहज उभा राहतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारनं गळ टोचण्याला विरोध केला, आणि कित्येक ठिकाणी गळाच्या जागी दोरी किंवा कापड आलं. म्हणजे तहाच्या अटी बदलता येतात, हे गावांनीच दाखवून दिलं आहे. अट बदलली तर पलीकडचा पक्ष काय म्हणतो? यावर उभी राहिलेली कादंबरी विवेकवादाची शत्रू कशी ठरेल?

भावना दुखावण्याचा प्रश्न उरतो, आणि तो हलका नाही. जिवंत दैवतावर पात्र म्हणून लिहिताना जपून लिहावं लागतं. पण या दैवतांचे स्वतःचे लोक त्यांच्याशी जितक्या मोकळेपणानं बोलतात तितकं धाडस लेखकांनी अजून केलेलं नाही. जागरणात वाघ्या-मुरळी म्हाळसा-बाणाईचं भांडण रात्रभर गातात. सवती एकमेकींची जात काढतात, देव दोघींमध्ये अडकतो, आणि ऐकणारे भाविकच असतात. शिवाय नाव तेच ठेवण्याची सक्ती कुणी केलेली नाही. राही अनिल बर्वे यांच्या २०१८च्या 'तुंबाड'नं कोकणातला वाडा, सावकारी, पाऊस आणि हाव खरी घेतली, आणि हस्तर नावाचं दैवत नवं घडवलं. त्या दैवताशी माणसाचा व्यवहार काय, किती पिठाला किती नाणी आणि चूक झाली तर काय, यावर अख्खा चित्रपट उभा आहे. २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त लोक पाहायला गेले. चित्रपट हिंदीत आहे, ही मराठीनं मनाला लावून घ्यावी अशी गोष्ट आहे.

एका मोहापासून मात्र सावध राहायला हवं, कारण हिंजवडीचं नाव घेतलं की तो लगेच येतो. काचेच्या इमारतींतले आयटीवाले म्हणजे एल्फ, उंच, परके, वेगळी भाषा बोलणारे. आणि गावकरी म्हणजे माणसं, जमिनी गेलेली, रस्त्यावर अडकलेली. हे रूपक चटपटीत आहे आणि घातक आहे. हिंजवडी ज्या मुळशी तालुक्यात आहे तिथे १९२०च्या दशकात टाटांच्या धरणासाठी जमिनी गेल्या, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. शतक संपता संपता एमआयडीसीसाठी पुन्हा जमिनी गेल्या. हा माणसांचा माणसांशी झालेला व्यवहार आहे. त्याला मोबदला, कोर्ट, मतदान हे मार्ग आहेत आणि ते अपुरे पडले तर जबाबदार माणसं आहेत. शेजारच्या माणसाला वेगळी जमात ठरवलं की ही जबाबदारी नाहीशी होते, आणि त्या विचारानं महाराष्ट्रात परप्रांतीयांच्या नावानं काय काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. आयात केलेल्या एल्फकथांवर पाश्चात्त्य समीक्षकांनी वंशवादाची टीका केली ती याचसाठी: एक जमात जन्मतः उदात्त, दुसरी जन्मतः नीच. कोसंबींची वाट याच्या नेमकी उलट जाते. तिथे परका देव शेवटी जावई होतो, आणि मारलेला म्हसोबा पुढच्या गावात नवरदेव असतो. आपल्या सामग्रीत जमाती जन्मानं कायमच्या वेगळ्या राहत नाहीत, आणि म्हणून ती आजच्या लेखकाला जास्त उपयोगाची आहे.

जगभरच्या वाचकाला एल्फ कळतील, म्हातोबा कसा कळेल, असंही विचारलं जातं. आइसलंडचा खडक आपल्याला कळला, त्याला तळटीप लागली नाही. अटी नेमक्या असल्या की कळतात. मराठी लेखकापुढचं काम याहून अवघड आहे. या तहांची आपल्याकडची बाजू आपल्याला ऐकू येते, गाण्यांतून, कौलांतून, जत्रेतून. पलीकडची येत नाही. बारप्याच्या रानातून लाकूड दर वर्षी निघतं आणि वाकडला पोचतं. त्या बदल्यात रानाला काय कबूल केलं होतं, ते अजून पाळलं जातं का, आणि डोंगर फोडून वर येणाऱ्या बंगल्यांच्या योजना त्या रानाच्या वाटेला लागल्या तर करार मोडला असं कोण आणि कोणत्या भाषेत जाहीर करील, हे लिहिणारा माणूस आपल्याला हवा आहे.